राखेचे ढिगारे कसे वाचावेत? : उत्नूर, बुदिहाळ आणि माझी एक चूक

काही वर्षांपूर्वी आपल्या मंडळाच्या बैठकीत मी एक निबंध वाचला होता. विषय होता बळ्ळारी-रायचूर भागातले राखेचे ढिगारे, आणि माझा निष्कर्ष असा की या जागा म्हणजे प्राचीन धातू-भट्ट्या. निबंधाला टाळ्याही मिळाल्या. तो निष्कर्ष चुकीचा होता. आजचा हा लेख म्हणजे त्या चुकीची भरपाई आहे, आणि त्या निमित्ताने याच विषयावरच्या दोन मोठ्या उत्खननांच्या लिखाणाची तपासणीही.

आधी चूक कशी झाली ते सांगतो, कारण तिच्यातच पुढचा मुद्दा आहे. माझी बावीस वर्षं साखर कारखान्यात बॉयलरवर गेली. इतिहासाचं रीतसर शिक्षण नाही. बळ्ळारीहून होस्पेटला जाताना वाटेत कुडतिनी लागतं. तिथला राखेचा ढीग बघायला उतरलो आणि एक खडा हातात घेतला. राखाडी, फेसाळ, भोकाभोकांचा, मध्येच काचेसारखा चकाकणारा. मनात लगेच शब्द उमटला : क्लिंकर. बॉयलरच्या फर्नेसमध्ये राख वितळून जे गठ्ठे धरते आणि जे आम्ही सळईने फोडून काढायचो, तेच हे. मग विचार असा धावला : राख वितळली आहे म्हणजे मोठी उष्णता, मोठी उष्णता म्हणजे भट्टी, भट्टी म्हणजे धातू. तीन पायऱ्या, आणि तिन्ही मला अगदी सरळ वाटल्या.

बैठकीनंतर चहाच्या वेळी आपले एक ज्येष्ठ सभासद जवळ आले. खेड्यात आयुष्य काढलेले निवृत्त शिक्षक, आपण सगळे त्यांना गुरुजी म्हणतो. म्हणाले, "साहेब, मघाशी तुम्ही तो खडा सगळ्यांकडं फिरवलात. लोखंडाचं कीट असेल तर हाताला जड लागाया पाहिजे. हा तर जळक्या पावासारखा हलका आहे." मी काहीतरी उत्तर दिलं. घरी आल्यावर खडा पुन्हा हातात घेतला आणि गप्प झालो. भट्ट्यांची कल्पना माझ्याआधीही काहींनी मांडली होती, पण त्यांच्या आड लपण्यात अर्थ नाही. बॉयलरवरच्या माणसाला वजनातला फरक कळायला हवा होता.

तेव्हापासून या विषयावरचं मिळेल ते वाचत गेलो. वाचताना असं दिसलं की हे ढीग ज्याने त्याने आपापल्या धंद्याच्या चष्म्यातून पाहिले आहेत. मी एकटाच नव्हतो.

दोनशे वर्षांचे अंदाज

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. कृष्णा-तुंगभद्रेच्या खोऱ्यात, आजच्या उत्तर व मध्य कर्नाटकात आणि लगतच्या तेलंगण-आंध्रात, राखेचे शंभराहून जास्त ढिगारे नोंदले गेले आहेत. काही कमरेइतके, काही दोन-तीन माणसं उंच. त्यांत मऊ राखेचे थर असतात, वितळून दगडासारखे झालेले थर असतात, आणि जोडीला घासून गुळगुळीत केलेल्या दगडी कुऱ्हाडी, हातघडणीची जाडसर राखाडी मडकी, गुरांची हाडं. काळ नवाश्मयुगाचा, म्हणजे लोखंड इथं यायच्या कितीतरी आधीचा. माझ्या भट्टीला खरं तर इथंच कुलूप लागायला हवं होतं.

लोकांनी या ढिगांना आपली उत्तरं कधीच दिली होती. हंपीजवळ निंबापुरम इथला ढीग म्हणजे वालीच्या चितेची राख, असं तिथं सांगतात. कुठं राक्षसाची चिता, कुठं ऋषींच्या यज्ञाची राख. एकोणिसाव्या शतकात कॅप्टन न्यूबोल्ड यांनी कुडतिनीची नोंद केली. विजयनगरवर 'अ फर्गॉटन एम्पायर' लिहिणारे रॉबर्ट स्यूएल यांनी १८९९ साली हे ढीग विजयनगरच्या काळाशी जोडले. म्हणजे विजयनगरचा अभ्यासक तिथं गेला आणि त्याला विजयनगर दिसलं, बॉयलरवाला गेला आणि त्याला भट्टी दिसली! भूगर्भशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांनी मात्र त्याच शतकात ढीग, शेण आणि नवाश्मयुगीन गुरं यांचा संबंध ओळखला होता. दगड रोज हाताळणाऱ्या माणसाने दगड नसलेली वस्तू बरोबर ओळखली, याचं मला कौतुक वाटतं.

शेणाचा निकाल लागायला पुढची साठ-सत्तर वर्षं गेली. लंडनचे एफ. ई. झॉयनर यांनी या वितळलेल्या गोळ्यांचं प्रयोगशाळेत परीक्षण केलं आणि ते शेणाच्या राखेचेच असल्याचं १९६० च्या सुमारास दाखवून दिलं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या मजुमदार आणि राजगुरू यांनी बळ्ळारीजवळच्या कुपगलचा ढीग खणून तपासला, त्याचा अहवाल १९६६ चा आहे.

यातलं रसायन माझ्या ओळखीचंच होतं, पण मी ते वापरलं नव्हतं. नुसती वाळू वितळवायला १७०० अंश सेल्सियस लागतात. गवताच्या अंगात सिलिका असते आणि पोटॅशही असतं. पोटॅशची जोड मिळाली की तीच सिलिका हजार अंशांच्या आसपास, कधी त्याच्याही खाली, मऊ पडू लागते. म्हणून तर बगॅसवर चालणाऱ्या बॉयलरमध्ये क्लिंकरचा त्रास होतो. आणि शेण म्हणजे शेवटी गुरांनी चावून दिलेलं गवतच. शेणींचा हुडवा पेटलेला ज्यांनी पाहिला आहे त्यांना माहीत आहे की वरून राखेचं पांघरूण धरतं आणि आत दिवसचे दिवस धग राहते. तसा एक हुडवा नाही, वर्षानुवर्षांचा साठा पेटला, वर उन्हाळ्यातला वारा लागला, तर वितळायला भट्टी बांधायची गरज नाही. ढीगच भट्टी होतो.

उत्नूर : छोट्या खड्ड्यातून मोठं चित्र

आता मुख्य पुस्तकांकडे येऊ. पहिला मान रेमंड ऑल्चिन यांचा. त्यांनी १९५२ साली रायचूर भागात पिकलीहाळला काम केलं आणि १९५७ साली उत्नूरचा ढीग खणला. (हे उत्नूर तेव्हाच्या महबूबनगर जिल्ह्यातलं. आदिलाबादचं उत्नूर वेगळं, गल्लत करू नये.) पिकलीहाळचा अहवाल १९६० मध्ये आणि उत्नूरचा १९६१ मध्ये आंध्र प्रदेश सरकारने हैदराबादहून छापला. पुढे १९६३ मध्ये केंब्रिजहून 'निओलिथिक कॅटल-कीपर्स ऑफ साउथ इंडिया' हे पुस्तक आलं. खोदकाम १९५७ मध्ये आणि अहवाल १९६१ मध्ये. आपल्याकडच्या उत्खननांची चाल बघता हा वेग कुणालाही लाज वाटावी असा आहे.

उत्नूरला त्यांना काय सापडलं? ढिगाच्या पोटात ताडासारख्या झाडांच्या खोडांचे खांब रोवून केलेल्या कुंपणाच्या खुणा. एक कुंपण आत, एक बाहेर. आत गुरं आणि मधल्या पट्ट्यात माणसांची वस्ती, असा त्यांचा उलगडा. कुंपण जळालं, पुन्हा उभं केलं, पुन्हा जळालं, असे एकावर एक थर. आणि सगळ्यांत बोलका पुरावा म्हणजे थरांत उमटून राहिलेले गुरांच्या खुरांचे ठसे. या ठशांनी वाद मिटवला. वालीची चिता नाही, विजयनगर नाही, भट्टी तर नाहीच. इथं गुरं बांधली जात होती.

दुसरी मोठी गोष्ट काळाची. मॉर्टिमर व्हीलर यांनी १९४७ साली ब्रह्मगिरीला खणून दगडी कुऱ्हाडीची संस्कृती इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात बसवली होती. उत्नूरच्या कार्बन-१४ मापनाने ती इ.स.पू. २००० च्याही मागे नेली. एका कोळशाच्या तुकड्याने दक्षिणेचा इतिहास हजारावर वर्षांनी लांबला. व्हीलर यांच्या नावाचा दबदबा पाहता हे लहान काम नव्हे.

इथपर्यंत मी ऑल्चिन यांच्याबरोबर आहे. पुढे मात्र थांबतो. गुरांचे वाडे पुन्हा पुन्हा का जळाले? त्यांचं उत्तर असं की हे जाळणं हेतुपूर्वक होतं, ऋतुमानाच्या सणाशी बांधलेलं होतं. त्यासाठी ते होळी, दिवाळी, पोंगल अशा सणांकडे बोट दाखवतात. वाचताना मोह पडतो. मैसूर-मंड्याकडे संक्रांतीला गुरांना आगीवरून पळवतात, त्याला 'किच्चु हायिसुवुदु' म्हणतात, ते ज्यांनी पाहिलं आहे त्यांना तर हे पटकन पटेल. आपल्याकडे बेंदराला बैल सजवून मिरवतात, त्यामागेही गुरांभोवती वर्ष बांधणारी जुनी समजूत आहेच.

पण मोह हा पुरावा नाही. चार हजार वर्षांपूर्वीची राख आणि आजची होळी यांच्या मधल्या काळात हा धागा सलग होता हे दाखवणारं काहीही पुस्तकात नाही. आग दोन्हीकडे आहे, गुरं दोन्हीकडे आहेत, एवढंच साम्य. एवढ्यावर मीही एकदा भट्टी उभी केली होती! ऑल्चिन तुलसीदासाचे अभ्यासक होते, 'कवितावली' आणि 'विनयपत्रिका' त्यांनी इंग्रजीत नेल्या. त्यांचा कान इथल्या लोकजीवनाला लागलेला होता, आणि म्हणूनच त्यांना राखेत सण ऐकू आला असावा. हा त्यांचा मोठेपणाही आहे आणि पुस्तकाची कच्ची बाजूही.

दुसरा आक्षेप इंजिनिअरचा. आग हेतुपूर्वक लावली हे गृहीत धरण्याआधी ती आपोआप लागू शकते का ते बघावं लागतं. कारखान्यात बगॅसचा ढीग यार्डात पडून राहिला की आतून तापतो. ओल असते, आंबण्याची क्रिया चालते, उष्णता बाहेर पडायला वाट नसते. एखाद्या दिवशी धूर दिसतो आणि सगळ्यांची पळापळ होते. वाळलेल्या शेणाचा मोठा साठा, त्यात चारा आणि काटक्या, भोवती उन्हाळ्यातलं कोरडं गवत आणि शेजारीच चुली. पहिली आग अपघाताने लागली असं मानायला मला काहीच अडचण दिसत नाही.

मग मी स्वतःलाच उलटा प्रश्न विचारला. आमच्या यार्डात एकदा आग लागल्यावर आम्ही काय केलं? ढीग लहान केले, मध्ये वाट सोडली, पाण्याची लाईन टाकली. अपघातातून माणूस शिकतो. उत्नूरचे लोक जळाल्यावर पुन्हा त्याच जागी शेण साठवत होते आणि ते पुन्हा जळत होतं. एकाच जागी तीन-चारदा घडलं की तो अपघात राहत नाही, ती रीत होते. तेव्हा हेतू होता हे ऑल्चिन यांचं म्हणणं मी मान्य करतो. तो हेतू धार्मिकच होता हे मात्र सिद्ध झालेलं नाही. गोचीड आणि माश्या घालवायला गोठ्यात धूर करणारा शेतकरी आजही आहे, आणि साचलेल्या घाणीचं काहीतरी करावंच लागतं. पूजा आणि स्वच्छता या दोन वेगळ्या पेट्या आहेत हेही आपलंच म्हणणं. त्या लोकांच्या लेखी कदाचित ती एकच गोष्ट असेल.

तिसरा आक्षेप सगळ्यांत महत्त्वाचा. ऑल्चिन यांनी ढीग खणला. ढिगाच्या भोवतालची जमीन जवळपास तशीच राहिली. त्यामुळे चित्र असं झालं की रानात गुरांचे वाडे, तिथं हंगामापुरते गुराखी, आणि खरी गावं दुसरीकडे टेकड्यांवर. पुस्तकाच्या नावातच 'कॅटल-कीपर्स' आहे, शेतकरी नाहीत. पण जिथं खणलंच नाही तिथं काही नव्हतं असं म्हणता येत नाही.

बुदिहाळ : ढिगाच्या बाहेर पाऊल

नेमकी हीच उणीव डेक्कन कॉलेजच्या के. पद्दय्या यांनी हेरली. कृष्णा आणि भीमा यांच्या मधला शोरापूरचा दोआब हे त्यांचं आयुष्यभराचं क्षेत्र. १९६० च्या दशकात त्यांनी कोडेकलला खणलं, १९७३ मध्ये दोआबातल्या नवाश्मयुगावरचं त्यांचं पुस्तक आलं, आणि १९८९ पासून पुढे अनेक हंगाम बुदिहाळ. तेव्हा हे गुलबर्गा जिल्ह्यात होतं, आता यादगीरमध्ये. कन्नडात 'बूदी' म्हणजे राख. गावाच्या नावातच ती ऐकू येते.

बुदिहाळला पद्दय्या सरांनी नुसता ढीग न कापता आजूबाजूची जमीन मोठ्या क्षेत्रावर उघडली. आणि तिथं काय नव्हतं! राहत्या घरांचे अवशेष, चूल-मडकी, गारगोटीसारख्या चर्ट दगडाची पाती काढण्याची कार्यशाळा, गुरं कापून वाटण्याची फरशीसारखी जागा, लहान मुलांची दफनं. ढिगाच्या एका बाजूला गुरं बांधण्याची आणि शेण साठवण्याची सोय. म्हणजे ढीग ही गावाबाहेरची वेगळी जागा नव्हती. ढीग हा गावाचाच भाग होता, गोठा आणि उकिरडा आपल्या जुन्या गावांत असतो तसा.

मुलांच्या दफनांपाशी मी वाचताना थांबलो. हंगामापुरत्या तळावरही मूल दगावू शकतं, हे खरं. पण मुलांना घराच्या जवळ पुरणारे लोक त्या जागेला आपली मानत असावेत असं मला वाटतं. इनामगावात घरांच्या जमिनीखाली तोंडाला तोंड लावलेल्या दोन मडक्यांत पुरलेली मुलं सापडली, ते मराठी वाचकाला ठाऊक आहे. इनामगावचा काळ नंतरचा आणि संस्कृती वेगळी, तेव्हा दोन्हीची थेट सांगड मी घालत नाही. पण 'भटके गुराखी' या शब्दात ही माणसं मावत नाहीत, हे नक्की.

शेतीचाही पुरावा नंतर आला. डोरियन फुलर, रवी कोरिसेट्टर (आपल्या शेजारच्या धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचे) आणि सहकाऱ्यांनी संगनकल्लूसारख्या ठिकाणांची माती पाण्यात घोळून जळके दाणे वेगळे काढले. त्यातून दिसलं की दक्षिणेतले नवाश्मयुगीन लोक मूग आणि कुळीथ खात होते, बारीक भरड धान्यं पिकवत होते, गहू-जव थोडे. कुळथाचं पिठलं आणि मुगाची आमटी चार हजार वर्षांची आहे असं म्हणणं अतिशयोक्ती होईल, पण दाणे तेवढे जुने आहेत.

आता बुदिहाळवरची माझी तक्रार. पहिली : या उत्खननाचं लिखाण वर्षानुवर्षं नियतकालिकांत तुकड्या-तुकड्यांनी आलं. एका लेखात ढीग, दुसऱ्यात कापणीची जागा, तिसऱ्यात सिद्धान्त. माझ्यासारख्या बाहेरच्या वाचकाला हे तुकडे जुळवताना आराखडे शेजारी-शेजारी ठेवून बसावं लागतं. उत्खनन म्हणजे एकदाच वाचता येणारं पुस्तक, वाचताना पान फाटतं. अशा वेळी वाचणाऱ्याने सांगितलेली हकीकत एकसंध आणि लवकर मिळावी ही अपेक्षा गैर नाही. या बाबतीत ऑल्चिन यांचा छोटासा अहवाल अजून सरस वाटतो.

दुसरी तक्रार मुद्द्याची. पद्दय्या सरांनी 'कुठं' आणि 'कोण' याचं उत्तर भक्कम दिलं. 'का जाळलं' याचं उत्तर मात्र तेवढं भक्कम नाही. हे वसलेले, शेती करणारे लोक होते, तर शेण शेतात का गेलं नाही? हा प्रश्न माझा नाही, गुरुजींचाच. त्यांचं म्हणणं, "धनगराच्या मेंढ्या रात्री रानात बसवायला शेतकरी पदरचं धान्य देतो, आणि हे लोक खत जाळून टाकतात?" मला सुचतं ते उत्तर असं : जमीन भरपूर, माणसं थोडी, पेरणीचे तुकडे लहान, पीक कमी झालं की दुसरा तुकडा. तिथं खताला आजची किंमत नसणार. शेण कमी पडतं तेव्हा ते खत होतं, जास्त होतं तेव्हा ती अडचण होते. हा माझा तर्क आहे, पुरावा नव्हे. पण वसलेली शेती आणि जळलेलं खत यांचा मेळ घालणं ही 'वस्ती' सिद्धान्ताची जबाबदारी आहे, आणि ती झटकता येत नाही.

२००४ मध्ये पीटर जोहान्सन आणि निकोल बोइव्हिन यांनी वेगवेगळ्या लेखांत या ढिगांकडे पुन्हा विधी आणि प्रतीकांच्या अंगाने पाहिलं : ढीग मुद्दाम उंच राखलेले, दुरून दिसणारे, समाजाला एकत्र आणणारे. यात ऑल्चिन नव्या कपड्यांत परत आले आहेत असं मला वाटलं. फरक एवढा की आता होळीचा आधार सोडला आहे आणि ढिगाच्या जागेवर, आकारावर, भोवतालच्या टेकड्यांवर भर आहे. ही सुधारणा आहे. तरीही 'उंच आहे म्हणून स्मारक' ही उडी मला मान्य नाही. आमच्या कारखान्याच्या मागचा राखेचा ढीग चार मैलांवरून दिसायचा. तो कुणी स्मारक म्हणून रचला नव्हता.

एक हिशोब

इंजिनिअर असल्याने हिशोब केल्याशिवाय राहवलं नाही. सगळे आकडे गृहीत आहेत, कुठल्याही एका ढिगाचे नाहीत. चाळीस मीटर व्यासाचा, मध्यावर तीन मीटर उंच, घुमटासारखा ढीग धरा. घनफळ साधारण १९०० घनमीटर. राखेची घनता पाण्याच्या ०.७ पट धरली तर वजन सुमारे १३०० टन.

आता गुरं शंभर. दर जनावराचं रोज १० किलो ओलं शेण, त्यातला पाचवा हिस्सा कोरडा, त्याचा पाचवा हिस्सा राख. म्हणजे दिवसाला ४० किलो राख. गुरं दिवसा चरायला बाहेर, तेव्हा निम्मं शेण वाड्यात पडलं असं धरू. वर्षाला सव्वासात टनांच्या आसपास. १३०० टनांना पावणेदोनशे वर्षं लागतात. सगळं शेण गोळा केलं तरी नव्वद.

हा आकडा आला तेव्हा मला वाटलं, झालं, वाद मिटला! पावणेदोनशे वर्षं म्हणजे सहा-सात पिढ्या, म्हणजे कायमची वस्ती. पण एकदा हात पोळलेला असल्याने पुन्हा तपासलं. तीनशे गुरं वर्षातून चारच महिने आणली तरी उत्तर तेच येतं. म्हणजे हिशोबाने 'कायम की हंगामी' हे ठरत नाही. मात्र एक गोष्ट ठरते : हा ढीग दोन-चार उन्हाळ्यांचा खेळ नाही. पिढ्यान्‌पिढ्या माणसं त्याच जागेकडे परत येत होती, किंवा तिथून हललीच नव्हती. जागेशी इतकं जुनं नातं ठेवणाऱ्यांना नुसतं 'भटके' म्हणणं दोन्ही परिस्थितींत चुकीचं.

मग कोणाचं वाचन घ्यावं?

माझं मत सांगतो. ढीग शेणाचे आणि गुरांच्या वाड्यांचे, हे ऑल्चिन आणि झॉयनर यांच्यानंतर वादातीत आहे. ढिगाभोवती वस्ती होती हे बुदिहाळने दाखवलं, आणि तेवढ्यापुरतं मी पद्दय्या सरांच्या बाजूने आहे. पण शंभरावर ढिगांपैकी भोवतालची जमीन उघडून नीट खणलेले मोजकेच. बुदिहाळ सगळ्यांचा नमुना मानावा की नाही हे पुढच्या कुदळीवर अवलंबून आहे. आणि जाळण्याच्या कारणापुरता प्रश्न उघडा ठेवणं हेच प्रामाणिक वाचन.

पण पुढच्या कुदळीसाठी ढीग शिल्लक राहिले पाहिजेत, आणि खरी चिंता तिथं आहे. चार हजार वर्षांपूर्वी ज्या शेणाला खत म्हणून किंमत नव्हती, त्याच्या राखेला आज आहे. अनेक ढीग शेतात टाकायला उकरून नेले गेले. संगनकल्लू-कुपगलच्या टेकड्यांवर, जिथं त्या लोकांनी कुऱ्हाडींसाठी डोलेराइट फोडला, खडकांवर बैल कोरले, आणि जिथले काही खडक ठोकल्यावर घंटेसारखे वाजतात, तिथं दगडखाणींनी केलेलं नुकसान अभ्यासकांनी नोंदवलं आहे. शेतकऱ्याला दोष देऊन उपयोग नाही. तो ढीग काय आहे हे त्याच्या भाषेत त्याला सांगितलं कुणी?

मागच्या बैठकीत आपल्यातल्या एका मित्राने विचारलं, "ते सगळं तिकडचं, कन्नड मुलखातलं. आपल्या मराठी मंडळाला काय त्याचं?" सीमाभागात राहणाऱ्या माणसाच्या तोंडी हा प्रश्न येतो, मी समजू शकतो. मला एवढंच म्हणायचं आहे की ती राख पडली तेव्हा आजची मराठीही नव्हती आणि आजची कन्नडही नव्हती. कृष्णा मात्र होती, आणि ती महाबळेश्वरहून निघून आपल्या उशाशी येऊन मगच तिकडे जाते. त्या ढिगांचा बराच अभ्यास पुण्याहून झाला. तरी मराठीत इनामगाव सगळ्यांना माहीत आणि बुदिहाळ जवळजवळ कुणालाच नाही, याची खंत वाटते.

सभासदांना एकच विनंती. बळ्ळारी, रायचूर, यादगीरकडे लग्नाकार्याला, देवदर्शनाला जाणं होतंच. वाटेत ढीग दिसला तर थांबा, पावलांनी घेर मोजा, फोटो काढा, तारीख लिहून ठेवा, उकरल्याच्या खुणा असतील तर त्याही टिपा. खडा मात्र उचलू नका. मी उचलला होता. तो आजही माझ्या टेबलावर आहे, आणि पुढच्या वेळी कुडतिनीला जाईन तेव्हा जागच्या जागी ठेवून येणार आहे. गुरुजीही बरोबर येतो म्हणालेत.

चूकभूल द्यावी घ्यावी. चूक दाखवणाऱ्याचं स्वागत आहे, चहाच्या वेळी दाखवली तर जास्त.